गोधडीचे दोन तास कोणत्या रकान्यात?

समजा, एक बाई काल दुपारी दीड ते साडेतीन गोधडी शिवत बसली होती. आज तुम्ही वही घेऊन तिच्या घरी गेलात आणि काल पहाटेपासून काय काय केलं ते क्रमाने विचारलंत. त्यात हे दोन तास आले. आता तुमच्या तक्त्यात ते कुठे लिहाल? उत्पादनात, घरकामात की छंदात?

पेट देऊन पीएचडीच्या दारात उभ्या असलेल्या किंवा एम.ए.चा लघुप्रबंध लिहिणाऱ्या अनेकांना हा प्रश्न कारकुनी वाटतो. एक रकाना निवडायचा, पुढे जायचं. पण खरं सांगायचं तर तुमच्या संशोधनाचा निष्कर्ष बऱ्याचदा तिथेच ठरून जातो, विश्लेषण सुरू व्हायच्या कितीतरी आधी. म्हणून आज हा एकच प्रश्न नीट उसवून पाहू.

आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये ‘कार्यात्मक व्याख्या’ असा एक मथळा असतो. बहुतेक वेळा त्याखाली शब्दकोशातला अर्थ उतरवलेला असतो. उदाहरणार्थ, ‘प्रस्तुत संशोधनात छंद म्हणजे फावल्या वेळात आनंदासाठी केलेली कृती.’ वाचायला छान आहे. पण याला घेऊन गावात गेलात की पहिल्याच घरी अडाल. फावला वेळ कोणी ठरवायचा? भांडी आवरून झाल्यावर आणि दुपारचा चहा टाकायच्या आधी उरतो तो वेळ फावला, की त्या वेळात दुसरं काही करायची मुभा असेल तरच तो फावला? आणि आनंद? तो तर काम करतानाही होतो. कार्यात्मक व्याख्येचं काम अर्थ सांगण्याचं नाही. समोर आलेली एक नोंद आत घ्यायची की बाहेर ठेवायची, हे दोन वेगवेगळ्या माणसांना एकमेकांशी न बोलता सारखंच ठरवता आलं पाहिजे, एवढंच तिचं काम.

आधी वस्तू नीट पाहा

गोधडी हे उदाहरण मी मुद्दाम घेतलंय, कारण ती कुठल्याच रकान्यात गुपचूप बसत नाही.

आपल्या घरातली जुनी गोधडी बघा. कोल्हापूर-सातारा भागात तिला वाकळ म्हणतील. आत जुनी लुगडी, धोतरं, विरलेल्या चादरी एकावर एक अंथरलेल्या. कधी कधी तर फाटायला आलेली जुनी गोधडीच नव्या गोधडीच्या पोटात जाते. वरच्या बाजूला त्यातल्या त्यात धड असलेलं पातळ किंवा निरनिराळ्या कापडांचे तुकडे. मग जमिनीवर सगळं ताणून पसरायचं, कडा दुमडून घ्यायच्या आणि धावदोरा घालत कडेकडेनं आत सरकत जायचं. हे बहुधा उन्हाळ्यात होतं. सुगी आटोपलेली असते, पाऊस यायचा असतो, आणि धुतलेली जुनी कापडं कडक वाळतात.

दुसऱ्या टोकाला आजची क्विल्टिंगची आवड. त्यासाठी नवीन सुती कापड विकत आणतात, कटिंग मॅटवर रोटरी कटरनं मापात चौकोन-त्रिकोण कापतात, मशीनवर ते जोडून वरचा थर तयार करतात, मध्ये विकतचा कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा थर घालतात, खाली अस्तर, आणि मग तिन्ही थरांतून शिलाई. तयार झालेलं क्विल्ट सोफ्यावर पडतं किंवा भिंतीवर लागतं. पुण्या-मुंबईत, आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतही, आजीच्या साड्यांचं क्विल्ट करून ठेवणारे लोक दिसतात. त्याला अंथरूण म्हणायचं की आठवण, हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नाही.

या दोन टोकांना जोडणारी एक तांत्रिक गोष्ट आहे आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं ती कळीची आहे. तुकडे जोडणं हे एक काम आणि थर एकत्र बांधणं हे दुसरं. थर बांधणारा टाका निव्वळ उपयोगाचा असतो, तो नसेल तर आतलं कापड गोळा होऊन एका कोपऱ्यात जाईल. पण गोधडीचं रूप ज्यामुळे येतं तोही हाच टाका. ओळी जवळजवळ घातल्या की कापडावर बारीक लाटा उठतात, दोऱ्याचा रंग बदलला की चौकटी दिसू लागतात. म्हणजे ऊब देणारा टाका वेगळा आणि शोभेचा वेगळा, असं नाही. ‘उपयोगासाठी किती वेळ आणि सजावटीसाठी किती?’ असा प्रश्न विचारलात तर उत्तर मिळेल, माणसं नम्र असतात, काहीतरी सांगतातच. पण त्या उत्तराला अर्थ नसेल. प्रश्न विचारता येतो म्हणून मोजता येतं असं नाही, हे प्रश्नावली करताना फार जण विसरतात.

तयार रकाने काय म्हणतात

आता ज्यांनी हे मोजायचा प्रयत्न केलाय त्यांच्याकडे जाऊ. वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणांसाठी संयुक्त राष्ट्रांचं एक वर्गीकरण आहे, त्याला आयकॅटस २०१६ म्हणतात. त्यात माणसाच्या दिवसाचे नऊ मुख्य विभाग केलेत. पहिला नोकरी-धंद्याचा. दुसरा स्वतःच्या वापरासाठी वस्तू तयार करण्याचा. तिसरा घरच्यांसाठी केलेल्या विनामोबदला घरकामाचा, चौथा माणसांची काळजी घेण्याचा, आणि असं करत करत आठवा सांस्कृतिक गोष्टी, विरंगुळा आणि खेळ यांचा, नववा झोप-जेवण वगैरे स्वतःच्या देखभालीचा.

आपल्या बाईची गोधडी यात कुठे जाते? दुसऱ्या विभागात स्वतःच्या घरासाठी कापड आणि कपडे तयार करण्याला जागा आहे. तिसऱ्या विभागात कपड्यांची निगा आणि दुरुस्ती येते, आणि जुन्या गोधडीला नवी खोळ घालून पुन्हा टाके घालणं ही दुरुस्ती नाही तर काय? आठव्या विभागात छंद आहेत. एकच सुई, एकच दोरा, तीन रकाने.

हा फरक नावापुरता नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे घरच्या वापरासाठी तयार केलेली वस्तू ‘उत्पादनाच्या सीमेच्या’ आत धरतात. घरच्यांसाठी केलेली विनामोबदला सेवा, म्हणजे स्वयंपाक, धुणं, दुरुस्ती, ही सीमेबाहेर. छंद तर बाहेरच. म्हणजे तत्त्वतः तुमच्या त्या दुपारच्या दोन तासांचं मोल देशाच्या उत्पन्नात धरण्याजोगं आहे की नाही, हे तुम्ही कोणता आकडा लिहिता त्यावर ठरतं.

गंमत पुढे आहे. आपल्याकडच्या रोजगाराच्या सर्वेक्षणांत, पूर्वीच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात आणि २०१७ पासून सुरू झालेल्या पीएलएफएसमध्येही, माणसाच्या स्थितीला क्रमांक असतात. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी व्यक्ती. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय घरासाठी सरपण, भाजी, चारा गोळा करणारी किंवा शिवण, विणकाम वगैरे करणारी. आपली गोधडीवाली बाई इथे अगदी नाव घेऊन बोलावल्यासारखी बसते. पण ९२ आणि ९३ हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेरचे आहेत. आंतरराष्ट्रीय नियम तिच्या वस्तूला उत्पादन म्हणायला तयार आहेत, आणि आपला रोजगाराचा तक्ता तिला काम करणारी म्हणत नाही.

यात कोणी लबाडी केली असं मुळीच नाही. दोन्ही तक्त्यांचा हेतू वेगळा. रोजगाराचा तक्ता बाजारातलं काम आणि बेरोजगारी मोजायला बनलाय. २०१३ साली कामगार सांख्यिकीच्या १९ व्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला आणि ‘काम’ व ‘रोजगार’ हे दोन शब्द अधिकृतपणे वेगळे केले. त्या ठरावानुसार स्वतःच्या वापरासाठी केलेलं उत्पादन हे काम आहे, पण रोजगार नाही. तुमच्या प्रबंधात ‘काम करणाऱ्या स्त्रिया’ असा शब्दप्रयोग असेल तर यातलं कोणतं म्हणायचंय ते पहिल्या प्रकरणातच लिहून टाका. नाहीतर व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक तिथंच पकडतील, आणि बरोबरच पकडतील.

भारतात या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी १९७६-७७ मध्ये राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या सहा गावांत लोकांचा वेळ प्रत्यक्ष नोंदवत अभ्यास केला, तेव्हा नेहमीच्या प्रश्नावलीत बायकांचं किती काम निसटतं ते दिसलं होतं. १९९८-९९ मध्ये सरकारनं सहा राज्यांत पथदर्शी सर्वेक्षण केलं, त्यात महाराष्ट्र नव्हता. संपूर्ण देशाचं पहिलं वेळ-वापर सर्वेक्षण थेट २०१९ चं, जानेवारी ते डिसेंबर, सुमारे १.३९ लाख कुटुंबांचं.

रीडबाईंची कसोटी

तयार रकान्यांनी भागत नसेल तर सिद्धांताकडे जावं लागतं. इथे मला सगळ्यांत उपयोगी वाटते ती मार्गारेट रीड यांची कसोटी. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ. घरातल्या उत्पादनाच्या अर्थशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक १९३४ साली आलं आणि त्याचा पाया त्यांचा शिकागो विद्यापीठातला पीएचडीचा प्रबंध होता. (प्रबंध कपाटात पडून राहतात असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.)

कसोटी अशी: जी गोष्ट पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येते, ते काम. जी नाही, ते काम नाही. भाकरी थापायला बाई ठेवता येते, म्हणून भाकरी थापणं काम. पण माझ्याऐवजी दुसऱ्यानं जेवलं तर माझं पोट भरत नाही, म्हणून जेवणं हे काम नाही. सिनेमा बघायला कोणाला पगारावर पाठवता येत नाही.

गोधडीला लावून बघा. गोधडी शिवून देणाऱ्या बायका आहेत, मजुरी ठरवून कापडं त्यांच्याकडे देता येतात. म्हणजे गोधडी शिवणं हे काम, विषय संपला. पण क्विल्टिंगच्या वेडापायी रात्री जागणाऱ्या बाईला तुम्ही म्हणालात, ‘अहो, हे मी शंभरातून एकाकडून शिवून आणतो,’ तर ती म्हणेल, मग मी काय करू? तिला क्विल्ट हवं आहेच, पण क्विल्ट करणंही हवं आहे. वस्तू तिसऱ्याकडून करून घेता येते, करण्यातला रस नाही. रीडबाईंची कसोटी वस्तूकडे पाहते, करणाऱ्याकडे पाहत नाही. हा दोष नाही म्हणणार मी, ती तिची मर्यादा आहे, आणि मर्यादा माहीत असलेली कसोटी वापरायला चांगली.

करणाऱ्याकडून बघायचं असेल तर रॉबर्ट स्टेबिन्स या समाजशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली ‘सीरिअस लेझर’ ही कल्पना आहे. निष्ठेनं जोपासलेला छंद म्हणू या. टीव्ही लावून लोळणं वेगळं आणि वर्षानुवर्षं चिकाटीनं एखादं कौशल्य कमावणं, अडलं तरी न सोडणं, त्यातून स्वतःची ओळख तयार होणं, तसंच करणाऱ्यांचा एक गोतावळा जमणं वेगळं. क्विल्टिंग यात चपखल बसतं. अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांवर मेरीबेथ स्टाल्प यांनी असंच काम केलं, त्यांचं पुस्तक २००७ सालचं. त्यातली एक गोष्ट संशोधकानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. या बायका विकत आणलेलं कापड घरच्यांपासून लपवून ठेवतात. खर्च दिसू नये म्हणून, आणि ‘इतका वेळ कशाला घालवतेस’ हे ऐकावं लागू नये म्हणूनही.

म्हणजे बघा, छंद म्हणून नोंदवायची गोष्ट लोक कमी करून सांगतात, कारण छंदाला वेळ देणं बाईला शोभत नाही असं घरात कुठेतरी वाटत असतं. आणि काम म्हणून नोंदवायची गोष्टही कमी करून सांगतात, कारण ते काम आहे असं त्यांनाच वाटत नाही. आपल्याकडे याला एक सुंदर शब्दप्रयोग आहे: ‘बसल्या बसल्या’. ‘काही नाही हो, बसल्या बसल्या चार टाके घातले.’ मुलाखतीत हा शब्द आला की पेन खाली ठेवू नका. त्या ‘बसल्या बसल्या’त नातवाला झोपवणं असतं, मालिका ऐकणं असतं, दारावर आलेल्या माणसाला उत्तर देणं असतं आणि गोधडीच्या दोन ओळीही असतात.

२०१९ च्या सर्वेक्षणात दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणांत विभागला होता, पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४. एका खणात दहा मिनिटं किंवा जास्त चाललेल्या तीनपर्यंत कृती नोंदवता येत होत्या. चांगली सोय आहे, पण पाच पाच मिनिटं करत दिवसभर पुढे सरकणारी गोधडी अशा जाळीतून गळून जाऊ शकते. तुमचा विषयच तो असेल तर जाळी बारीक करा.

वस्तू तीच, रकाना नंतर बदलतो

एक गोष्ट अजून राहिली. आतापर्यंत आपण शिवतानाचा रकाना पाहिला. पण वस्तू तयार झाल्यावरही तिचा रकाना बदलत राहतो, आणि इतिहासात काम करणाऱ्यांना याचा त्रास जास्त होतो. यासाठी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं जीज बेंड हे गाव बघू. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांचे तुकडे जोडून क्विल्ट करत आल्या, कारण घरात थंडी वाजायची. १९६६ मध्ये त्या भागात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि शिवण हे कमाईचं साधन झालं. पुढे सिअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयची उशांची कव्हरं शिवायचं काम मिळालं, आणि त्यातले उरलेले तुकडे घरच्या क्विल्टांत गेले. मग २००२ मध्ये जीज बेंडच्या क्विल्टांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरलं. अंथरुणावरचं क्विल्ट भिंतीवर गेलं, आधुनिक कला झालं.

यातल्या एकाच क्विल्टचा फोटो हातात घेऊन ‘हे घरकाम, धंदा, छंद की कला?’ असं विचारलं तर उत्तर साल विचारल्याशिवाय देता येणार नाही. आणि आणखी एक अडचण. संग्रहालयात पोहोचतात ती टिकलेली आणि कोणाच्या तरी नजरेत भरलेली. रोज वापरून चिंध्या झालेली कुठेच नसतात. आपल्याकडे तर ती पुढच्या गोधडीच्या पोटात असतात. संग्रहालयातल्या वीस नमुन्यांवरून ‘बायका सजावटीला फार महत्त्व देत’ असं लिहिणारा प्रबंध मला दाखवलात, तर मी आधी विचारेन, न टिकलेल्यांचं काय केलंत?

मग वहीत लिहायचं काय

माझं मत स्पष्ट आहे. क्षेत्रकार्याच्या वेळी ‘छंद’ किंवा ‘काम’ हा शिक्का मारूच नका. जे घडलं त्याच्या भोवतीच्या गोष्टी लिहा, शिक्का नंतर घरी बसून मारा. गोधडीसाठी मी असं विचारेन: कापड घरातलं जुनं की विकत आणलेलं? करायला कोणी सांगितलं होतं? कोणासाठी आहे, आणि तो माणूस घरातला की बाहेरचा? पैसे, धान्य, साडी असं काही मिळणार आहे का? आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा: मध्येच सोडून दिली असती तर कोणाचं काही अडलं असतं का? या शेवटच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं ‘तुम्हाला आवडतं का’ या प्रश्नापेक्षा फार उपयोगी असतात. आवडतं का विचारलं की सगळ्याच ‘हो’ म्हणतात.

अशी कच्ची नोंद असली की रीडबाईंची व्याख्या लावून एकदा, आयकॅटसचे विभाग लावून एकदा, स्टेबिन्स यांच्या कसोट्या लावून एकदा, अशी तीनदा मोजणी करता येते. तिन्ही आकडे प्रबंधात द्या. त्यांच्यात फार फरक पडला तर घाबरू नका, तो फरक हाच बहुधा तुमचा सगळ्यांत वाचनीय तक्ता असेल. उलट वहीत नुसतं ‘छंद – २ तास’ लिहून आलात तर पुन्हा गावात गेल्याशिवाय काहीच करता येणार नाही.

आता सरासरीबद्दल थोडं, कारण इथे चांगले चांगले घसरतात. २०१९ च्या सर्वेक्षणात विनामोबदला घरकामाचा आकडा बायकांसाठी दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुषांसाठी ९७ मिनिटं असा येतो. वर्तमानपत्रांत हेच छापून आलं. पण हे आकडे फक्त त्या दिवशी ज्यांनी घरकाम केलं त्यांच्या सरासरीचे आहेत. असे पुरुष होते २६.१ टक्के, बायका ८१.२ टक्के. सगळ्या पुरुषांवर ती मिनिटं वाटली तर ९७ ची जवळपास २५ होतात, बायकांची २९९ ची सुमारे २४३. तिपटीचा वाटणारा फरक जवळजवळ दहापटीचा झाला, आणि एकही आकडा खोटा नाही.

गोधडीसारख्या क्वचित होणाऱ्या गोष्टीत हे आणखी टोकाला जातं. समजा, १००० बायकांना विचारलं आणि त्यातल्या २० जणींनी काल दोन तास गोधडी शिवली होती. शिवणाऱ्यांची सरासरी १२० मिनिटं. सगळ्यांची सरासरी २.४ मिनिटं. ‘गोधडीची कला नामशेष होतेय’ असं लिहायचं असेल तर दुसरा आकडा सापडतो, ‘आजही बायका तासन्‌तास रमतात’ असं लिहायचं असेल तर पहिला. दोन्ही द्या, आणि प्रश्न कोणत्या महिन्यात विचारलेत तेही द्या. श्रावणात विचाराल तर त्या वीस जणीसुद्धा सापडायच्या नाहीत. एम.ए.च्या वेळापत्रकात क्षेत्रकार्य बहुतेकांचं दिवाळीच्या सुट्टीत येतं, तेव्हा उन्हाळ्याच्या कामांबद्दल ‘काल काय केलं’ असं न विचारता ‘मागच्या उन्हाळ्यात किती गोधड्या झाल्या’ असं विचारावं लागेल. तिथे आठवणीचा घोळ येतो हे खरं, पण गोधड्यांची संख्या तासांपेक्षा नीट आठवते. वस्तू समोर असते, उलगडून मोजता येते.

शेवटचं काम, आणि हे खरं तर गावात जायच्या आधी करायचं. एखाद्या मैत्रिणीला किंवा वर्गमित्राला बसवा. चाचणी मुलाखतींतल्या ३० नोंदी दोघांनी वेगवेगळ्या बसून, तुमची लेखी व्याख्या वाचून, रकान्यांत टाका. मग जुळवून बघा. समजा ३० पैकी २१ जुळल्या, म्हणजे ७० टक्के. ऐकायला बरं वाटतं, पण तीनच रकाने असताना काही नोंदी डोळे मिटूनही जुळल्या असत्या. योगायोगानं ४० टक्के जुळल्या असत्या असा हिशोब निघाला, तर जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेल्या कप्पा या मापानं उत्तर येतं (०.७ − ०.४) ÷ (१ − ०.४), म्हणजे ०.५. बेताचंच.

न जुळलेल्या त्या ९ नोंदी खोडून टाकू नका आणि चहा पिता पिता ‘चल, तुझंच खरं’ म्हणून मिटवूही नका. त्या वेगळ्या कागदावर लिहा. माझा अंदाज असा की त्यांत दुपटी जास्त निघतील. होणाऱ्या नातवंडासाठी आजीनं आपल्या जुन्या मऊ लुगड्याचं शिवलेलं दुपटं. कोणी सांगितलेलं नसतं, पैसे मिळणार नसतात, विकतचं सहज मिळतं, नाही केलं तर कोणाचं काही अडत नाही. आणि तरी ती म्हणते, करायलाच हवं. त्या एका वाक्यासाठी तुमच्या व्याख्येत एक ओळ वाढवावी लागेल. ती लिहून झाली की पुढच्या ३० नोंदी घ्या.